चार डिस्क आणि एक ताळा

संगणकाच्या पेटीतले बहुतेक भाग जागचे हलत नाहीत. हार्ड डिस्क मात्र सतत फिरत असते. तिच्यातील चुंबकीय तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारे-लिहिणारे शीर्ष त्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. असे यंत्र आज ना उद्या बंद पडणार, हे धरूनच चालावे लागते. न फिरणाऱ्या, चिपांच्या बनलेल्या नव्या डिस्कही अमर नाहीत. पुनःपुन्हा लिहून त्यांचे घटक झिजतात.

समजा, तुमच्या शाळेच्या संगणकात निकाल आहेत, दाखल्यांच्या नोंदी आहेत, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आहेत. डिस्क एकच आहे आणि ती परीक्षेच्या आदल्या दिवशी बंद पडली, तर? एका डिस्कवर विसंबू नये म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधण्याची एक पद्धत आहे. तिला 'रेड' म्हणतात. ही बांधणी करायची कोणी, हा आपला आजचा विषय आहे. एक वेगळे कार्ड विकत घेऊन त्याच्याकडे हे काम सोपवता येते, किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणालीच ते करू शकते. बाजारात गेलात तर 'कार्ड म्हणजे खरे रेड, बाकी सारे तडजोडीचे' असे ठासून सांगणारे भेटतील. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, ते गणित करून पाहू.

शंभर स्वस्त डिस्क

१९८८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० ही डिस्क लागे. तिच्या तबकड्या १४ इंच व्यासाच्या होत्या आणि तिच्यात ७५०० मेगाबाइट माहिती मावे. दुसरीकडे घरगुती संगणकांसाठी साडेतीन इंची, १०० मेगाबाइटच्या लहान आणि स्वस्त डिस्क मिळू लागल्या होत्या. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अशा लहान डिस्कांचा समूह का वापरू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

अडचण एकच होती. लहान काय आणि मोठी काय, दोन्ही डिस्क बिघाडाशिवाय सरासरी ३०,००० तास चालतात, असे त्यांचे उत्पादक सांगत. ३०,००० तास म्हणजे तीन वर्षांहून अधिक. पण १०० डिस्क एकत्र चालवल्या, तर त्यांपैकी कोणती तरी एक बिघडण्याचा सरासरी काळ ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० तास होतो. साडेबारा दिवस! दर पंधरवड्याला माहिती गमावणारा संगणक कोण घेईल? म्हणून त्या तिघांनी सुचवले, की समूहात थोडी जादा जागा ठेवावी आणि तिच्यात एक प्रकारचा ताळा लिहून ठेवावा, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिच्यातील माहिती उरलेल्यांवरून काढता येईल. ही युक्ती अगदीच नवी नव्हती. आयबीएममधील नॉर्मन ओउची यांना अशाच कल्पनेचे पेटंट १९७८ मध्ये मिळाले होते. पण निरनिराळ्या रचनांना क्रमांक देऊन त्यांची तुलना १९८८ च्या निबंधाने केली, आणि 'रेड' हे नावही त्यानेच रूढ केले. त्या नावातल्या एका अक्षराचा अर्थ मुळात 'स्वस्त' असा होता. पुढे उत्पादकांनी महागडे रेड विकायला सुरुवात केली, तेव्हा तोच अर्थ 'स्वतंत्र' असा सांगितला जाऊ लागला!

ताळ्याचे गणित

पाढ्यांचे गणित केल्यावर आपण ताळा पाहतो. डिस्कांचा ताळाही तितकाच सोपा आहे. तीन डिस्कांवर पुढील आकडे लिहिलेले आहेत असे समजा :

पहिली : १ ० १ १
दुसरी : ० १ १ ०
तिसरी : ० १ ० ०

आता प्रत्येक उभ्या रांगेत १ किती आहेत ते मोजा. संख्या विषम असेल तर चौथ्या डिस्कवर १ लिहा, सम असेल तर ० लिहा. पहिल्या रांगेत १ एकदा आहे, म्हणून १. दुसरीत दोनदा, म्हणून ०. तिसरीतही दोनदा, म्हणून ०. चौथीत एकदा, म्हणून १. चौथ्या डिस्कवर आले १ ० ० १. हाच ताळा. इंग्रजीत याला पॅरिटी म्हणतात.

आता दुसरी डिस्क बंद पडली असे धरा आणि तिची ओळ हाताने झाका. उरलेल्या तीन ओळींवर तोच नियम चालवा. ० १ १ ० हे उत्तर येते. झाकलेली ओळ परत मिळाली! कोणतीही एक ओळ झाकून पाहा, नियम बदलत नाही.

चार डिस्कांपैकी एकीइतकी जागा ताळ्याला जाते आणि तीन डिस्कांइतकी आपल्या उपयोगी पडते. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर १२ टेराबाइट वापरता येतात. ताळ्याची जागा दर पट्ट्यागणिक एका डिस्कवरून दुसरीवर सरकवली, की या रचनेला 'रेड ५' म्हणतात. दोन वेगवेगळे ताळे ठेवले तर 'रेड ६' होते आणि त्यात एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी चालते. त्यातला दुसरा ताळा काढण्याचे गणित जरा वरच्या इयत्तेचे आहे. आणि ताळ्याच्या भानगडीत न पडता दोन डिस्कांवर तंतोतंत एकच मजकूर लिहिला, तर ते 'रेड १'. ती आरशातली प्रतिमाच.

हे गणित करतो कोण ?

कार्डाच्या पद्धतीत संगणकात एक सर्किट-पट्टी बसवतात. तिच्यावर स्वतःचा प्रक्रियक असतो, स्वतःची स्मृती असते, आणि डिस्कांच्या तारा तिलाच जोडलेल्या असतात. चार डिस्क असल्या तरी लिनक्सला ती सांगते, 'ही घे एक मोठी डिस्क.' आतले ताळे, मोडतोड, दुरुस्ती यांची लिनक्सला गंधवार्ता नसते.

दुसऱ्या पद्धतीत चारही डिस्क लिनक्सला उघड दिसतात. लिनक्सच्या गाभ्यात 'एमडी' नावाचा एक भाग आहे. तो त्यांना एकत्र गुंफतो आणि ताळा संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाकडून काढून घेतो. ही व्यवस्था चालवण्यासाठी 'एमडीएडीएम' नावाची आज्ञावली वापरतात. ती ऑस्ट्रेलियातील नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहिली. तिला पैसे पडत नाहीत.

कार्डाच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण असे : ताळा काढण्याचा भार मुख्य प्रक्रियकावर पडला तर संगणक मंदावेल. १९९० च्या सुमारास यात पुष्कळ तथ्य होते. आज ते उरलेले नाही. आताचा साधा प्रक्रियकसुद्धा एका सेकंदात हजारो मेगाबाइटांचा ताळा काढतो, तर एक फिरती डिस्क सेकंदाला फार तर दोन-अडीचशे मेगाबाइट पुरवू शकते. स्वयंपाकी शंभर पोळ्या लाटायला तयार आहे आणि पीठ मळणारा पाचच गोळे देतो आहे, तशी ही गत. लिनक्स तर सुरू होताना ताळा काढण्याच्या निरनिराळ्या रीती स्वतःच अजमावून पाहते, त्यांपैकी सर्वांत वेगवान रीत निवडते आणि तिचा वेग संदेशांत छापते. तुमच्या प्रयोगशाळेत लिनक्सचा संगणक असेल आणि त्यात रेडचा भाग चालू केलेला असेल, तर ते आकडे तुम्हीच वाचून पाहा.

मग कार्डाला काहीच अर्थ नाही का? आहे. पण त्याचे खरे कारण गणितात नसून वीज जाण्यात आहे.

दिवे गेले तर

वरच्या उदाहरणात पहिल्या डिस्कवरील १ ० १ १ बदलून १ १ १ १ लिहायचे आहे. तेवढ्याने भागत नाही. ताळाही १ १ ० १ असा बदलावा लागतो. (करून पाहा.) म्हणजे एका लहानशा बदलासाठी चार कामे आली : जुना आकडा वाचा, जुना ताळा वाचा, नवा आकडा लिहा, नवा ताळा लिहा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा शीर्षाखाली येण्याची वाट प्रत्येक कामात पाहावी लागते. लहानसहान बदल हजारोंनी करायचे असले तर रेड ५ रडतखडत चालते, ते यामुळेच.

पण मंदपणापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. नवा आकडा लिहून झाला, नवा ताळा लिहायचा राहिला, आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली! आता पहिल्या डिस्कवर १ १ १ १ आहे आणि ताळा मात्र जुनाच, १ ० ० १. वीज परत आल्यावर चारही डिस्क धड असल्या तर काही बिघडत नाही. एमडी ताळा नव्याने काढून ठेवते. परंतु हा ताळा दुरुस्त होण्याआधीच दुसरी डिस्क दगावली असे धरा आणि तिची ओळ काढून पाहा. येईल ० ० १ ०. खरी ओळ होती ० १ १ ०. नीट लक्ष द्या : दुसऱ्या डिस्कवरच्या आकड्याला आपण हातही लावला नव्हता, आणि नासला तोच. शिवाय तो नासला आहे हे सांगणारी खूण कुठेही नाही. जाणकार याला 'लेखनातले भोक' म्हणतात.

चांगले कार्ड येथे कामी येते. संगणकाकडून आलेला मजकूर ते आधी स्वतःच्या स्मृतीत घेते, लगेच 'लिहिले' असे कळवून टाकते आणि मग सवडीने, सोयीच्या क्रमाने डिस्कांवर उतरवते. वीज गेली तर कार्डावरची लहान बॅटरी ती स्मृती जिवंत ठेवते. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी धारित्र असते. त्यातल्या विजेवर मजकूर कायम टिकणाऱ्या चिपमध्ये उतरवून घेतला जातो. वीज आली, की अर्धवट राहिलेले काम पुरे होते. यात भोकही बुजते आणि लहान लेखनाचा वेगही वाढतो. बॅटरी मात्र काही वर्षांनी थकते. ती थकली, की बहुतेक कार्डे ही सवलत आपोआप बंद करतात आणि संगणक एकाएकी हळू झाल्याची तक्रार सुरू होते. बॅटरीविना विकले जाणारे स्वस्त कार्ड घेण्यात तर मला काहीच हशील दिसत नाही. ज्यासाठी पैसे मोजायचे, तीच गोष्ट त्यात नसते.

लिनक्सने या भोकावर आपला उपाय काढला आहे. जुन्या पेढीवर दिवसभराचा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपत आणि मग त्याची खतावणी करत, हे तुम्ही ऐकले असेल. मध्येच काम थांबले तरी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येई. एमडीलाही अशी रोजकीर्द एका वेगळ्या, वेगवान डिस्कवर ठेवता येते. ती ठेवली नसेल आणि वीज जाणे व डिस्क दगावणे या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर एमडी तो समूह आपणहून चालूच करत नाही. माणसाने जाणूनबुजून हुकूम द्यावा लागतो. नासका आकडा गुपचूप हाती देण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

कार्डच बंद पडले तर

डिस्क बंद पडेल म्हणून आपण कार्ड बसवले. पण कार्ड हेही एक यंत्रच आहे. ते बंद पडले तर?

चारही डिस्क ठणठणीत आहेत, पण कोणत्या पट्ट्यानंतर कोणता पट्टा, ताळा कोठे, पट्टी किती रुंद, हे त्या कार्डाच्या उत्पादकाने आपल्या रीतीने लिहिलेले आहे. डिस्क काढून साध्या संगणकाला जोडल्या तर एरवी त्यांत नुसता गोंधळ दिसतो. त्याच उत्पादकाचे, त्याच कुळातले दुसरे कार्ड मिळाले, तर ते बहुधा जुनी मांडणी ओळखते. नवे असताना असे कार्ड सहज मिळते. आठ-दहा वर्षांनी जुन्या सामानाच्या बाजारात शोधावे लागते, आणि तोवर शाळेचे निकाल कपाटात बंद.

एमडीची तऱ्हा निराळी आहे. समूहातील प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला, आजच्या नेहमीच्या मांडणीत पहिल्या ४ किलोबाइटनंतर, ते एक छोटा लेख लिहून ठेवते : हा समूह कोणता, त्यात डिस्क किती, रचना कोणती, आणि त्यात मी कितवी. मुलांच्या खिशाला पत्त्याची चिठ्ठी टाचून ठेवावी, तसे हे. संगणक जळाला तरी चारही डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकाला जोडाव्यात. तारांची अदलाबदल झाली तरी चालते. एमडीएडीएम चिठ्ठ्या वाचून समूह पुन्हा उभा करते. या चिठ्ठ्यांची भाषाही उघड आहे, ती कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. माझ्या मते दोन पद्धतींमधला सर्वांत मोठा फरक हाच आहे, आणि वेगाच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो.

येथे एका फसव्या तिसऱ्या प्रकाराविषयी सांगायला हवे. पुष्कळ साध्या संगणकांच्या मुख्य पट्टीवर 'रेड आहे' असे छापलेले असते. तेथे वेगळा प्रक्रियक नसतो, बॅटरीही नसते. संगणक सुरू होण्यापुरती थोडी मदत असते आणि बाकी सगळे काम मुख्य प्रक्रियकच करतो. म्हणजे हेही सॉफ्टवेअरच. फक्त चिठ्ठीची भाषा उत्पादकाची! इंटेलसारख्या काहींची भाषा एमडीएडीएमला वाचता येते, पण लिनक्सच चालवायचे असेल तर सरळ एमडी वापरणे शहाणपणाचे.

आता निवडायचे कसे ? दोन डिस्कांवर शाळेचा संगणक चालवायचा असेल, तर एमडीचे रेड १ पुरे आहे. उरलेल्या पैशांत वीज गेल्यावर काही मिनिटे तग धरणारा यूपीएस आणि एक जादा डिस्क घ्यावी. ज्या ठिकाणी एकाच वेळी शेकडो लोक नोंदी बदलत असतात, डिस्क फिरत्या आहेत, आणि रात्री-अपरात्री लाल दिवा लागलेली डिस्क कोणाही पहारेकऱ्याने उपसून नवी खुपसावी अशी सोय हवी आहे, तेथे बॅटरीचे कार्ड शोभते. मात्र त्याच जातीचे दुसरे कार्ड पहिल्या दिवसापासून कपाटात असावे. संगणक सुरू करण्याचा मजकूरही समूहातच ठेवायचा असेल तर कार्ड सोपे पडते. एमडीमध्ये तो दोन्ही डिस्कांवर वेगळा लिहून ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते, नाहीतर नेमकी पहिली डिस्क गेल्यावर दुसरीवरून संगणक उठतच नाही. अतिवेगवान चिपांच्या डिस्क असतील तर पुष्कळदा कार्डच वाटेतली अरुंद खिंड ठरते.

डिस्कांच्या आकाराकडेही पाहा. चार टेराबाइटची डिस्क बदलल्यावर नवी भरून निघायला सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने सुमारे साडेसात तास लागतात. तेवढा वेळ रेड ५ च्या समूहाला दुसरा आधार नसतो, आणि नेमक्या त्याच वेळी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जात असतात. म्हणून मोठ्या डिस्कांना दोन ताळ्यांचे रेड ६ बरे. त्या कार्डाच्या आहेत की एमडीच्या, याने येथे फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट कार्ड आणि एमडी दोघांनाही लागू आहे. कोणी चुकून निकालाची फाइल पुसली, तर रेड ती चारही डिस्कांवर इमानेइतबारे पुसते, ताळ्यासकट! त्यासाठी वेगळी प्रत वेगळ्या जागी ठेवावीच लागते.

करून पाहा

एमडी समजून घ्यायला चार डिस्क विकत आणण्याची गरज नाही. लिनक्स साध्या फाइललाही डिस्क समजू शकते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, शक्यतो ज्यात महत्त्वाचे काही नाही अशा संगणकावर, हा प्रयोग करा. चुकून खऱ्या डिस्कचे नाव दिले गेले तर तिच्यावरचा मजकूर जातो, म्हणून प्रत्येक आज्ञा दुसऱ्याने वाचल्याशिवाय कळ दाबू नका.

शंभर-शंभर मेगाबाइटच्या चार रिकाम्या फाइली तयार करा. 'लॉसेटअप' या आज्ञेने त्यांना डिस्कचे रूप द्या. एमडीएडीएमने त्यांचे रेड ५ बांधा, त्यावर नेहमीची फाइलव्यवस्था घाला आणि काही छायाचित्रे ठेवा. मिळालेली जागा ३०० मेगाबाइटपेक्षा थोडी कमी का भरते, ते वर सांगितलेल्या चिठ्ठ्या आठवून ठरवा. आता एमडीएडीएमला सांगून एक 'डिस्क' निकामी झाली असे जाहीर करा. छायाचित्रे उघडतात का? 'प्रॉक' या निर्देशिकेतील 'एमडीस्टॅट' नावाची फाइल वाचा. ठीक असलेल्या प्रत्येक डिस्कसाठी तेथे इंग्रजी 'यू' हे अक्षर दिसेल आणि गेलेलीच्या जागी एक आडवी रेघ. निकामी डिस्क काढून पाचवी रिकामी फाइल जोडा आणि ती रेघ पुन्हा 'यू' होईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. मग फाइलींचा आकार दुप्पट करून हाच प्रयोग पुन्हा करा आणि वेळही दुप्पट होतो का ते पाहा. शेवटी एक डिस्क निकामी करून, नवी न जोडता दुसरीही निकामी करण्याचा प्रयत्न करा. संगणक काय उत्तर देतो, ते शब्दशः वहीत उतरवून घ्या.